गणपतीची गोळी

आमच्या घरी गणपती पाच दिवसांचा असतो आणि त्या पाच दिवसांत घरातल्या कुठल्याही बाईला अडचण येत नाही. यात बाप्पाच्या कृपेचा भाग थोडा, आईच्या नियोजनाचा जास्त. जुलै लागला की ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर चतुर्थीला पेन्सिलीने गोल करते आणि तिथून उलटी मोजत मागे येते. अठ्ठावीस, छप्पन्न. कुणाची तारीख आरतीच्या आसपास पडणार हे तिला महिनाभर आधी कळलेलं असतं. मग ती खाली केमिस्टकडे जाते. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीखालचा हा केमिस्ट एरवी खोकल्याच्या औषधालाही चिठ्ठी मागतो, पण श्रावण सरत आला की एवढंच विचारतो, "काकू, गणपतीची ना?" आई मान हलवते. त्या गोळीचं खरं नाव काय, तिच्यात असतं काय, हे त्या दोघांनी कधी एकमेकांना विचारलं नाही. आमच्याकडे ती गणपतीची गोळी. मावसबहिणीच्या लग्नात घेतली तेव्हाही ती गणपतीचीच गोळी होती.

अडचण म्हणजे पाळी. आमच्या घरात पाळीला पाळी म्हणत नाहीत. आजी 'कावळा शिवला' म्हणायची, आई शिकलेली म्हणून 'अडचण' म्हणते, आणि वहिनी ठाण्याची म्हणून 'प्रॉब्लेम आलाय' म्हणते. पण पाळीलाच अडचण म्हटल्यावर पाळीत जी अडचण येते तिला काय म्हणायचं, हा प्रश्न माझ्याखेरीज कुणाला पडलेला नव्हता. मलाही तो पडायला वीस वर्षं लागली.

गोळीचं वेळापत्रक ठरलेलं असे. तारखेच्या तीन दिवस आधी सुरू, विसर्जनाच्या संध्याकाळी बंद. आई ती तीर्थासारखी उजव्या तळहातावर ठेवायची आणि मी गिळेपर्यंत समोर उभी राहायची. माझी तारीख बहुतेक वर्षी चतुर्थीच्या मागेपुढे घुटमळत असे. एखाद्या वर्षी ती चांगली दहा दिवस लांब असली तरी आई 'कशाला रिस्क' म्हणून गोळी द्यायचीच. त्या पाच दिवसांत मी मोदक वळायचे, पन्नास माणसांची पानं वाढायचे, आरतीला पहिल्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवायचे. वर्षातले माझे सर्वांत सुखाचे दिवस ते. आत्या कौतुकाने म्हणायची, "बाप्पाच्या दिवसांत हिला बघ कसं काही होत नाही." विसर्जन झालं की दोन-तीन दिवसांत मीही पलंगावर विसर्जित होत असे, पण तोवर पाहुणे आपापल्या घरी गेलेले असत.

बाकीच्या वर्षाबद्दल थोडं सांगायला हवं. मला चौदाव्या वर्षापासून दुखतं. दुखतं म्हणजे ओटीपोटापासून सुरू होऊन कमरेत, तिथून मांड्यांत उतरतं. पहिल्या दिवशी ओकाऱ्या. शौचाला बसायचं म्हटलं की घाम फुटायचा, म्हणून मी पाळीच्या आदल्या रात्रीपासून जेवणच कमी करायचे. पुढेपुढे पाळी नसतानाही कमरेच्या एका बाजूला काहीतरी ओढल्यासारखं व्हायचं आणि ठाकुर्लीच्या पुलावर शेअर रिक्षा आदळली की ते नेमकं कुठे आहे हे कळायचं. आई गरम पाण्याची पिशवी द्यायची, ओव्याचं पाणी द्यायची, आणि वर एक वाक्य द्यायची, "सगळ्यांनाच होतं गं." हे वाक्य मी इतकं मनावर घेतलं होतं की रस्त्यातल्या बायकांकडे मी आदराने बघायचे. या सगळ्यांना एवढं दुखतंय आणि तरी या मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघतायत. आपण मात्र नाजूक. घरात माझ्यासाठी तोच शब्द होता, नाजूक.

मला बरं व्हायचं होतं, हे तर आहेच. पण त्याहीपेक्षा मला एकदा आईच्या तोंडून ऐकायचं होतं की हो, तुला खरंच दुखतंय. तेवढं ती म्हणाली असती तर मी आणखी काही वर्षं तशीच काढली असती, असं मला वाटतं. हे शहाणपणाचं नाही, पण खरं आहे.

मी कल्याणच्या एका शाळेत गणित शिकवते. गणिताच्या बाईला फळ्यासमोर उभं राहावं लागतं, आणि पाळीच्या पहिल्या दिवशी मला उभं राहता येत नसे. सुट्टी तरी किती घेणार. यावर मी एक उपाय शोधला आणि तो मला फार हुशारीचा वाटत असे. त्या दिवशी मी सरप्राइज टेस्ट घ्यायचे. फळ्यावर पाच गणितं लिहायची, खुर्चीत बसायचं, पोटाशी बॅग धरायची आणि चेहऱ्यावर कडक भाव ठेवायचा. दुखण्याने चेहरा आपोआप कडक होतो, त्यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत. मुख्याध्यापिकांनी सभेत माझं नाव घेऊन सांगितलं होतं की सातत्यपूर्ण मूल्यमापन कसं असावं ते यांच्याकडून शिका.

दरम्यान डॉक्टर चालूच होते. पहिले आमचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर. त्यांनी गॅसवर उपचार केले. सात-आठ वर्षं त्यांनी माझ्या गॅसवर इतक्या निष्ठेने उपचार केले की मला इतर काही होऊ शकतं हे त्यांना पटलंच नसतं. दुसऱ्या डॉक्टर कल्याणच्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लग्न झालंय?" नाही म्हटल्यावर त्यांनी फाइल मिटली. "लग्न झालं की कमी होतं." तिसरे डॉक्टर म्हणाले, नुसतं लग्न पुरत नाही, मूल झालं की मगच थांबतं. म्हणजे दुसरीकडे अर्धा डोस सांगितला होता आणि तिसरीकडे पूर्ण. तपासायचं म्हणून पोटावरून सोनोग्राफी झाली, त्या कागदावर वर एका कोपऱ्यात 'अनमॅरिड' असं लिहिलेलं होतं आणि खाली 'विशेष काही नाही'. दोन्ही वाक्यं आईने नातेवाइकांना फोनवर एकाच सुरात वाचून दाखवली.

आईने मात्र त्या सल्ल्यावर विश्वास ठेवून दोन वर्षं स्थळं बघितली. एका मुलाच्या आईने चहा पिता पिता विचारलं, "तब्येतीची काही तक्रार?" आई माझ्याआधी म्हणाली, "छे, सर्दीसुद्धा होत नाही हिला." मला त्या क्षणी कमरेत कळ येत होती आणि मी पोह्यांची बशी धरून हसत होते. लग्न हे औषध असेल, तर ते मिळवण्यासाठी आजार लपवावा लागतो, ही एक गंमतच.

माझा आजार ओळखला तो नववी ब च्या मुलींनी. एका मंगळवारी मी वर्गात गेले तर फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे मॉनिटर तारीख लिहिते, तिथे खडूने लहान अक्षरात लिहिलेलं होतं, 'पुढची सरप्राइज टेस्ट', आणि पुढे तारीख. मी ती मनात मोजली. सत्तावीस दिवसांनी. अगदी बरोबर होती. मी कोणी लिहिलं म्हणून विचारलं नाही. पुसूनही टाकलं नाही. मधल्या सुट्टीत एक मुलगी वह्या द्यायला आली आणि जाता जाता हळूच म्हणाली, "बाई, त्या दिवशी आम्ही गणितं स्वतःच फळ्यावर लिहू का? तुम्ही नुसत्या बसा."

मी हे स्टाफरूममध्ये विनोद म्हणून सांगितलं. मी विनोद चांगले सांगते. सगळ्या हसल्या, विज्ञानाच्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि मला बाहेर जिन्यात नेलं.

"दर महिन्याला बसावं लागतं तुला?"

"सगळ्यांनाच होतं," मी म्हटलं.

"मला नाही होत. म्हणजे दुखतं, एक गोळी घेते, फळ्यासमोर उभी राहते. तू वीस वर्षं हे नॉर्मल समजून चाललीयेस? वेडी आहेस का तू?"

त्यांनी ठाण्यातल्या एका डॉक्टर बाईंचा पत्ता दिला. त्यांच्या बहिणीला तिथेच आजाराचं नाव कळलं होतं. मी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "आता चौथी डॉक्टर? चल, मी येते बरोबर. तुला नीट सांगता येत नाही."

ठाण्याच्या त्या दवाखान्यात भिंतीवर बाळांचे फोटो नव्हते, त्यामुळे आईला ती डॉक्टर जरा अनुभव नसलेली वाटली. डॉक्टर माझ्याच वयाच्या, फार तर दोन वर्षांनी मोठ्या. त्यांनी लग्नाचं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "पाळीत दुखतं ते एक ते दहामध्ये किती?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "पाच. फार तर सहा."

"नऊ," मी म्हटलं.

"नऊ काय, अगं नऊ म्हणजे बाळंतपण." आई डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "नाजूक आहे ती पहिल्यापासून."

डॉक्टर माझ्याकडेच बघत राहिल्या. "तुम्ही सांगा. किती लिहू?"

"आठ," मी म्हटलं.

वर्गात मुलांना त्यांच्या हक्काचा अर्धा मार्क मिळावा म्हणून मी वरिष्ठांशी भांडलेय. स्वतःचा एक मार्क मात्र मी तिथे आईला सोडून दिला. ती वीस वर्षं माझं पाचावर धरून बसली होती, आठावर आली हेच पुष्कळ होतं.

मग डॉक्टरांनी शौचाचं विचारलं, लघवीचं विचारलं, थकव्याचं विचारलं, पाळी नसताना दुखतं का ते विचारलं. प्रत्येक प्रश्नाला मी हो म्हणत गेले आणि आई प्रत्येक वेळी माझ्याकडे अशी बघत होती की हे मला आधी का नाही सांगितलं. मी सांगितलं होतं. गॅसच्या काळात सांगितलं होतं.

"दुखलंच नाही, असे कधीचे दिवस आठवतायत का?" डॉक्टरांनी विचारलं.

"गणपतीचे," मी म्हटलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आईचा चेहरा खुलला. इतका वेळ तिच्या मुलीच्या आतड्यांविषयी चाललं होतं, आता विषय बऱ्या ठिकाणी आला होता. "बाप्पाच्या दिवसांत हिला काही म्हणता काही होत नाही," ती म्हणाली. "लहानपणापासून बघतेय मी."

"गणपतीत घरी काय वेगळं असतं?"

आईने सगळं सांगितलं. सोवळं असतं, कांदा-लसूण नसतो, तेलकट कमी, पहाटे आंघोळ. डॉक्टरांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि त्याच दिवसांत पाळी आली तर?"

"येत नाही," आई म्हणाली.

"कशी येत नाही?"

आईने दाराकडे बघितलं, बाहेर कुणी ऐकत नाही ना म्हणून. "गोळी देते ना मी."

"कुठली गोळी?"

"गणपतीची," आई म्हणाली.

डॉक्टर हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. त्यांनी केमिस्टला फोन लावायला सांगितला, गोळीचं खरं नाव विचारून घेतलं आणि मग आम्हा दोघींना समजावलं. गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं तसंच अस्तर काही बायकांमध्ये बाहेर रुजतं. अंडाशयावर, आतड्याच्या बाजूला, कुठेही. दर महिन्याला तेही सुजतं, त्यातूनही रक्त येतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग आत जखमा होतात, अवयव एकमेकांना चिकटायला लागतात. याला एन्डोमेट्रिओसिस म्हणतात. पाळी थांबवणाऱ्या गोळीने त्या अस्तरालाही विश्रांती मिळते. "गोळीने बरं वाटलं म्हणजे हाच आजार आहे असं लगेच सिद्ध होत नाही," त्या म्हणाल्या, "पण कुठे शोधायचं ते कळतं. आणि लग्न किंवा बाळंतपण हा यावरचा उपचार नाही."

त्यांनी फाइलमध्ये इंग्रजीत एक ओळ लिहिली. मी उलटी वाचली. गणपतीत आराम, असं लिहिलं होतं.

नंतर त्यांनी आईला बाहेर बसायला सांगितलं आणि मला विचारलं की आतून सोनोग्राफी केली तर जास्त कळेल, माझी तयारी आहे का. नसली तर दुसरे मार्ग आहेत. इतक्या वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच लग्नाऐवजी माझी तयारी विचारत होतं. मी हो म्हटलं. डाव्या अंडाशयात मोठ्या लिंबाएवढी गाठ निघाली. आत साचलेलं रक्त जुनं होऊन दाट तपकिरी होतं, म्हणून तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात, हेही त्यांनी मग आईला आत बोलावून दोघींना सांगितलं.

बाहेर आल्यावर आईने तलावपाळीला बाकावर बसून घेतलं. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. ती बोलली.

"तरी मी सांगत होते, चॉकलेट कमी खा."

मी इतकी हसले की शेजारच्या बाकावरचे आजोबा उठून गेले. हसताना टाके घातल्यासारखं पोटात खुपलं, खरे टाके पडायला तेव्हा अजून महिना होता.

शस्त्रक्रिया दुर्बिणीची झाली. तीन लहान छिद्रं, दोन दिवस दवाखान्यात. गाठ काढली, जिथे अवयव चिकटले होते तिथे सोडवले. डॉक्टर म्हणाल्या की हा आजार मुळासकट उपटून टाकता येतोच असं नाही, पण ताब्यात ठेवता येतो, आणि त्यासाठी रोज एक गोळी घ्यायची. अधूनमधून तपासणी, पण गोळी रोज. मी नाव वाचून घेतलं, मग शंका विचारली. त्या म्हणाल्या, "हो, तुमच्या गणपतीच्या गोळीच्याच घराण्यातली."

घरी आल्यावर आईने ते पाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं. "रोज?"

"रोज."

"हार्मोनची गोळी रोज घ्यायची? बाईच्या शरीराची वाट लागते. मी नाही घेऊ देणार."

"गणपतीत तर तू स्वतः देतेस."

"ते देवासाठी," आई म्हणाली.

मला राग आला. एरवी मी रागावत नाही, टोमणा मारते. पण त्या दिवशी टोमणा सुचला नाही. आरतीला उभं राहता यावं म्हणून गोळी चालत होती, फळ्यासमोर उभं राहता यावं म्हणून चालत नव्हती. देवाला माझी अडचण दिसू नये म्हणून माझं शरीर थांबवायला घरात कुणाची हरकत नव्हती. मला दुखू नये म्हणून थांबवायचं म्हटल्यावर शरीराची काळजी सुरू झाली. हे सगळं मी आईला बोलून दाखवलं, आवाज चढवून, पोटावरची पट्टी धरून. आई स्वयंपाकघरात गेली. आठवडाभर ती माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलली. गोळी मी घेतच होते, पाणी मात्र माझं मलाच आणावं लागत होतं.

आठवड्याने एका दुपारी ती मेथी निवडत बसली होती. मी न विचारता समोर बसून दुसरी जुडी घेतली. मान वर न करता ती म्हणाली, "मला गोळी कुणी दिली नव्हती."

मी हातातली काडी खाली ठेवली.

"गावाला गणपतीत मी मागच्या पडवीत बसायचे. तुझा भाऊ तान्हा होता तेव्हा, मग तू झालीस तेव्हाही. इतकं दुखायचं की ओरडावंसं वाटायचं. पुढे आरती चाललेली असायची. आवाज जाईल म्हणून पदर तोंडात धरायचे." तिने पिवळी पानं बाजूला केली. "पिशवी काढली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आत सगळं चिकटलंय. मी काही विचारलं नाही. काढून टाकली म्हणजे संपलं, असं वाटलं."

तिला दोन मुलं झाली होती, लग्न तर त्याआधी झालं होतं. सांगितलेले दोन्ही डोस तिने पूर्ण घेतले होते.

"तुझी तारीख नसायची तेव्हाही मी तुला गोळी द्यायचे," ती म्हणाली. "आठवतंय? म्हटलं, निदान तेवढे दिवस तरी सुटतील."

'कशाला रिस्क' हे तिचं वाक्य मला त्या दुपारी पहिल्यांदा नीट ऐकू आलं. म्हणजे तिला दिसत होतं. सगळी वर्षं दिसत होतं, आणि तोंडाने ती पाच म्हणत होती. मला तिच्या गळ्यात पडावंसंही वाटलं आणि मेथीची जुडी तिच्या अंगावर फेकावीशीही वाटली. दोन्ही जमलं नाही. आम्ही मेथी निवडून संपवली. त्या संध्याकाळी गोळीच्या वेळेला तिने पाण्याचा पेला माझ्यासमोर आणून ठेवला.

पहिले तीन-चार महिने अधूनमधून डाग दिसायचे, डोकं दुखायचं, आणि मी विनाकारण चिडायचे, म्हणजे नेहमीपेक्षा थोडी जास्त. मग पाळी थांबली आणि तिच्याबरोबर ते दुखणंही. पूर्ण नाही. कमरेत अजून कधीकधी ओढतं, पण रिक्षा आदळली तर मी आता रस्त्याला शिव्या घालते, शरीराला नाही. सरप्राइज टेस्ट आता खरोखर सरप्राइज असते, त्यामुळे नववी ब नाराज आहे.

नातेवाइकांत मात्र माझी किंमत वाढली. अडचण कधीच न येणारी आणि शिवाय वय झालेली नाही अशी बाई आमच्या नात्यात दुसरी नव्हती. सत्यनारायणाला, डोहाळजेवणाला, कुणाच्या सोवळ्याच्या स्वयंपाकाला, सगळीकडून मला बोलावणी यायला लागली. पूर्वी लग्नाचं विचारणारी आत्या आता विचारते, "येत्या गुरुवारी मोकळी आहेस ना? पण तू तर काय, कायमचीच मोकळी." आजारपणाने माणूस इतका पवित्र होतो हे मला माहीत नव्हतं.

या वर्षी गणपतीला भाऊ, वहिनी आणि त्यांची चौदा वर्षांची मुलगी ठाण्याहून आदल्या दिवशीच आले. आईने कॅलेंडर मोजलं होतं, पण भाचीच्या तारखा अजून कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. तिला गोळी द्यायचा विषय निघाला तेव्हा मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको म्हटलं होतं, आणि आई, आश्चर्य म्हणजे, वाद न घालता गप्प बसली होती. चतुर्थीच्या सकाळी मूर्ती पाटावर बसली, पाहुणे आले, आणि नैवेद्याच्या तासभर आधी भाची पोट धरून आतल्या खोलीत गेली.

मी मोदकांच्या पातेल्याशी होते. आत्याने दारातून डोकावून बघितलं आणि आईच्या कानाशी येऊन म्हणाली, पण आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं, "हिला गोळी नाही दिलीस? आज नेमकं?" वहिनी ओशाळून उठली. आई सोवळ्यात होती. हातात नैवेद्याचं ताट, पहाटेपासून कुणाला न शिवता तिने बाकीचं सगळं एकटीने केलं होतं. तिने ताट ओट्यावर ठेवलं आणि आतल्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले, कारण ती आता काय म्हणणार हे मला पाठ होतं.

भाची भिंतीकडे तोंड करून गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. आई तिच्याजवळ पलंगावर बसली. बसली म्हणजे चांगली टेकून बसली, आणि तिने मुलीच्या कमरेवर हात ठेवला. म्हणजे सोवळं मोडलंच.

"एक ते दहात किती दुखतंय?" आईने विचारलं.

भाचीने मान वळवून आजीकडे बघितलं. हा प्रश्न तिला नवा होता. "नऊ," ती म्हणाली.

मी दाराची चौकट धरली. आता आई म्हणेल, नऊ म्हणजे बाळंतपण.

"बरं," आई म्हणाली. "नऊ." आणि तिथूनच मला म्हणाली, "कॅलेंडरवर लिहून ठेव, आजच्या तारखेला. विसर्जन झालं की हिला ठाण्याला तुझ्या डॉक्टरकडे दाखवून आणू. आणि नैवेद्य आज तू दाखव, माझं मोडलंय."

मला त्या मुलीचा हेवा वाटला. चौदा वर्षांच्या, ओकारी आवरणाऱ्या पोरीचा, जिला तिचे नऊच्या नऊ मिळाले होते. हे लिहायला मला लाज वाटत नाही. मी तिथेच उभी राहिले, पातेल्यातले मोदक फुटत असतील हे माहीत असूनही.

आई तिची कंबर चोळत राहिली. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, "तुझंही नऊच होतं ना गं?"

"हो," मी म्हटलं.

बाहेर कुणीतरी आरती सुरू केली. आई उठली नाही.